मागचे दोन स्पीकर कुठायत? तुम्ही विचारलंत म्हणून

आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस आधी पाणी पितो, मग टीव्हीखालच्या तीन स्पीकरकडे बघतो, मग मान वळवून सोफ्याच्या मागची भिंत बघतो. तिथे प्लास्टरमधून दोन वायरींची टोकं बाहेर आलीयत, काळी टेप गुंडाळलेली. आणि मग येतोच तो प्रश्न, "काय भो, मागचे दोन कुठायत? आणि तो मोठा डबा, बेसचा?" शालकाने विचारून झालं, पतपेढीतल्या झाडून सगळ्यांनी विचारून झालं, परवा गॅस सिलेंडर द्यायला आलेल्या पोराने पण विचारलं. आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, वीस हजारात कोणतं होम थिएटर घेऊ. दोन्हीचं उत्तर एकच आहे पण ते उभ्या उभ्या सांगता येत नाही, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी मान्य करतो की हे सगळं मीच वाढवून ठेवलंय. सहा-सात वर्षांपूर्वी मित्रांच्या ग्रुपवर 5.1, म्हणजे पाच स्पीकर आणि एक बेसचा डबा, याशिवाय पिक्चर म्हणजे मिठाशिवाय भरीत असं रोज टाकणारा मीच होतो. अमळनेरात घर बांधताना मिस्त्रीला थांबवून भिंतीत वायरी टाकून घेणारा पण मीच, मिस्त्री विचारत होता की इथे पंखा लावायचाय का. तेव्हा खिशात स्पीकर घ्यायला एक रुपया नव्हता. वायरी मात्र होत्या.

मग भिशी लागली, अठरा हजार. घरात ठरलं की सहा-साडेसहा फ्रीजला आणि बाकीचे माझे. म्हणजे बजेट साडेअकरा हजार. आता साडेअकरात त्या वेळी दोनच गोष्टी मिळत होत्या, एक तर दोन बरे स्पीकर नाहीतर "5.1 होम थिएटर" असं मोठ्या अक्षरात लिहिलेला खोका, ज्यात सहा डबे, रिमोट, निळी लाईट, ब्लूटूथ, पेनड्राइव्ह, एफएम, सगळं. मी सकाळच्या गाडीने जळगावला गेलो आणि संध्याकाळी तो खोका मांडीवर घेऊन परत आलो. दुकानदाराचं नाव विचारू नका, त्याने काही फसवलं नाही, मी जे मागितलं तेच दिलं.

खोक्यावर लिहिलेलं, 12000 वॅट पीएमपीओ. ते वाचून मी खूश! मागच्या बाजूला पत्र्याची एक बारीक पट्टी होती, ती मी बऱ्याच महिन्यांनी वाचली, 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 60 वॅट. म्हणजे भिंतीतून 60 वॅट खाणारा डबा 12000 कुठून ओकणार? पीएमपीओ म्हणजे एका क्षणाच्या दणक्याचा काहीतरी फुगवलेला आकडा, तो कसा मोजायचा याला नियमच नाही. बघायचा असतो तो आरएमएस, म्हणजे डबा सतत देऊ शकतो तो वॅटचा आकडा. हे आता मी कुणालाही सांगतो, तेव्हा मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याच्याशी भांडलो असतो.

पण मी घेतलं कशासाठी ते सांगितलं पाहिजे, कारण इथेच लोक मला शौकीन समजून मोकळे होतात. शौक होताच, नाही कशाला म्हणू. पण घरात कारण दिलं होतं आप्पांचं. आप्पा म्हणजे वडील, 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर, तेही जुन्या गाड्यांवर जिथे इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच धडधडतं. रिटायर झाल्यावर त्यांना ऐकू कमी येतंय हे आम्हाला टीव्हीमुळे कळलं. सगळे हसले की आप्पा हसायचे, दोन सेकंद उशिरा. त्यात आमच्याकडचा उन्हाळा, पारा 44-45 ला जाऊन बसलेला, खिडकीत लोखंडी कूलर, तो सुरू झाला की शेजारी बसलेल्याशी पण ओरडून बोलावं लागतं. टीव्हीचा आवाज पूर्ण केला तरी तो पडद्याच्या मागून, भिंतीकडे तोंड करून बोलणार. मी म्हटलं, सहा स्पीकर लावले की कूलरचा बाप आला तरी आप्पांना ऐकू येईल. "आधी कानाचं मशीन का नाही घेतलं?" हे विचारणारे पण भेटतात. घेतलं. ते ड्रॉवरमध्ये आहे. त्यात कूलर अजून मोठा ऐकू येतो म्हणे.

तर ती आखाजी, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

आखाजीला बहीण माहेरी आलेली, जावई, त्यांची दोन पोरं, काका-काकू, शेजारचे दोघं-तिघं. रस-पुरणपोळी होऊन दुपारी सगळे हॉलमध्ये कूलरसमोर पडलेले, एका कोपऱ्यात पत्ते. मी त्याच आठवड्यात सगळं लावलं होतं, मागचे दोन भिंतीवर खिळ्याला, बेसचा डबा कोपऱ्यात मांडणीखाली. आप्पांना मुद्दाम सोफ्याच्या मधोमध बसवलं. म्हटलं आप्पा, हीच जागा बरोबर, इथे सगळा आवाज येऊन मिळतो. पेनड्राइव्हवरचा मारामारीचा सीन लावला, मांडणीवरचे पितळी डबे थरथरायला लागले, पोरं नाचायला लागली, जावई म्हणाले वा, थेटर! मला काय, आभाळ ठेंगणं. मग काका म्हणाले बातम्या लाव रे जरा. मी बातम्या लावल्या.

बातम्या देणारी बाई बोलायला लागली आणि आप्पांनी मागे वळून बघितलं.

आधी थोडी मान वळवली, मग अर्धं अंग. मागे भिंत. परत पुढे बघितलं, बाईचे ओठ हलतायत, परत मागे. "कोन बोलनं रे मांगे?" असं त्यांनी विचारलं, आणि भाचा मोठ्याने म्हणाला, आजोबा तिकडे कोणी नाहीये! सगळे हसले. जावई हसले, काका हसले, पत्तेवाले पत्ते टाकून हसले, आणि मी पण हसलो. हे मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही, सगळ्यांना वाटतं मी तेव्हा सेटिंग करत होतो. मी रिमोट हातात धरून हसत होतो. आप्पा पण हसले, नेहमीसारखे, दोन सेकंदांनी. मग थोडा वेळ बसून म्हणाले, "आवाज भलता शे, पन बोलस काय ते समजत नही," आणि चपला घालून ओट्यावर जाऊन बसले. बाहेर ऊन केवढं, आखाजीची दुपार, कूलर आत. कोणी बोलावलं तरी आले नाहीत. त्यानंतर पावसाळा लागेपर्यंत ते संध्याकाळी हॉलमध्ये टीव्हीसमोर बसलेच नाहीत, ओट्यावरच असायचे. विचारलं की म्हणायचे, आत घुसमटतं.

त्या रात्री सगळे गच्चीवर झोपायला गेले आणि मी खाली जमिनीवर रांगत एकेका स्पीकरला कान लावत फिरलो. कूलर बंद, अंगातून घामाच्या धारा. तीच बातम्यांची बाई रिपीटला लागली होती. पुढचा डावा, तीच बाई. उजवा, तीच. मधला, तीच. मागचे दोन, तीच, तेवढ्याच आवाजात, एका शब्दाचा फरक नाही. बेसच्या डब्यातून पण ती हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी. म्हणजे माझ्या घरात एकच बाई सहा ठिकाणी बसलेली होती.

कारण साधं होतं. टीव्हीपासून डब्याला जात होती एक बारीक वायर, हेडफोनच्या भोकातून निघून लाल-पांढऱ्या पिनांची. त्यातून दोनच चॅनल जातात, डावा आणि उजवा. ब्लूटूथ जोडलं असतं तरी दोनच. डब्याच्या आत डॉल्बी, म्हणजे जास्त चॅनलचा दाबून पाठवलेला आवाज, उलगडणारं काही नव्हतंच, आलेल्या दोनाचे तो सहा करून वाटत होता. खऱ्या 5.1 मध्ये पाच चॅनल वेगवेगळे येतात, मधल्यात बहुतेक सगळे डायलॉग, मागच्यांत पाऊस, गर्दी, गाडी गेल्याचा आवाज, आणि तो .1 म्हणजे फक्त खालचा दणका, 120 हर्ट्झपर्यंतचा. बोलणं मागून येणं हे बहुतेक वेळा अपेक्षितच नाही! बरं, डब्याच्या मागे सहा पिना होत्या, त्यांना डीव्हीडी प्लेअर जोडला असता तर खरे सहा चॅनल आलेही असते, पण प्लेअर आम्ही भंगारात देऊन वर्ष झालं होतं.

आणि कानाचं. वय झाल्यावर, त्यातून जन्मभर इंजिनाशेजारी बसल्यावर, आधी जातात ते वरचे बारीक आवाज. स, श, फ, थ असली अक्षरं तिथेच राहतात. खालचा धडधडाट तसाच्या तसा ऐकू येतो, उलट तो वाढवला की उरलेली बारीक अक्षरं त्याखाली दबतात. म्हणजे मी साडेअकरा हजार घालून आप्पांना नेमकं तेच जास्त दिलं जे त्यांना आधीच ऐकू येत होतं. कोपऱ्यात ठेवलेला बेस आणखी घुमतो, हेही नंतर कळलं.

तो खोका स्टँडजवळच्या एका रसवंतीवाल्याला चार हजारात दिला. अजून चालू आहे. चरकाला बांधलेल्या घुंगरांच्या वर अहिराणी गाणी लावून तो दिवसभर वाजत असतो, खूप छान वाजतो, उसाचा रस पिताना तक्रार करण्यासारखं काहीच नाही. मी तिकडून जाताना थोडा जोरात चालतो.

पुढे तीन वर्षांनी परत भिशी. या वेळी नवीन काही घेतलंच नाही. जुना रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन स्पीकरना वाटणारा डबा, 5.1 चा, एचडीएमआय एआरसी असलेला (एचडीएमआयच्याच वायरीने टीव्हीचा आवाज डब्यात येतो), नऊ हजाराला. दोन वापरलेले बुकशेल्फ स्पीकर सहाला, एकाच्या जाळीला भोक. आणि मधला, सेंटर, चार हजाराला. झाले एकोणीस. सेंटर टीव्हीच्या खाली, तोंड थोडं वर, आप्पांच्या कानाच्या दिशेने, खाली आगपेटीची दोन रिकामी खोकी घालून तिरपा केलाय, ती आगपेटी बघून पण लोक हसतात. रिसीव्हरला सेटिंगमध्ये सांगितलं की मागचे नाहीत, सब (बेसचा डबा) नाही, मग तो मागचा आवाज पुढच्या दोघांत मिसळून देतो, बोलणं सेंटरलाच राहतं. सेंटरचा आवाज बाकीच्यांपेक्षा 4 डेसिबल वर. रात्रीचा मोड कायम चालू, त्याने दणका खाली येतो आणि कुजबुज वर येते.

म्हणून वीस हजारवाल्यांना मी म्हणतो की आधी स्पीकर मोजू नका, डब्याची पाठ बघा. तिथे एआरसी लिहिलेलं एचडीएमआयचं भोक आहे का, निदान ऑप्टिकल, म्हणजे उजेडाने आवाज नेणाऱ्या वायरीचं भोक, आहे का, डॉल्बीचा शिक्का आहे का. फक्त लाल-पांढऱ्या पिना आणि ब्लूटूथ असेल तर खोक्यावर 5.1 लिहिलेलं असो नाहीतर 21.1, खुशाल सोडून द्या. हे सगळं असूनही टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आऊटपुट पीसीएमवर, म्हणजे टीव्हीनेच उलगडून पाठवलेल्या साध्या आवाजावर, राहिलं तर परत दोनच चॅनल जातात, ऑप्टिकलवर तर हमखास. माझंच पंधरा दिवस राहिलं होतं, एवढं सगळं शिकून. आणि केबलवरच्या मालिका-बातम्या बहुतेक स्टिरिओच, म्हणजे दोनच चॅनलच्या, असतात हो. 5.1 येतं ते ओटीटीवरच्या पिक्चरला, तेही सगळ्यांना नाही.

आता मागचे का नाहीत. माझं ठरलेलं उत्तर असं की हॉल 10 बाय 14, सोफा मागच्या भिंतीला टेकलेला, मागचे स्पीकर खरं तर बसणाऱ्याच्या बाजूला किंचित मागे पाहिजेत, 100 ते 120 अंशात, आणि तिथे एका बाजूला स्वयंपाकघराचं दार आहे, दुसऱ्या बाजूला कूलर. उजवा स्पीकर कूलरच्या डोक्यावर ठेवू का, वाळ्याच्या पाण्यात? हे उत्तर खरं आहे. पण सोफा दोन फूट पुढे ओढता येतो हेही खरं आहे, आणि दिवाळीत आम्ही ओढतोच, झाडायला. वायरी तर आहेतच. रिसीव्हरच्या मागे भोकं रिकामी आहेत. जळगावच्या एकाकडे बरी जोडी तीन हजारात पडून आहे, त्याने दोनदा फोन केला.

ग्रुपवरचा तो जुना मी आता आला ना तर मला म्हणेल की खरं 5.1 असतं तर बाई मागून बोललीच नसती, तू चूक खोक्याची होती ती मागच्या स्पीकरवर ढकलतोयस. बरोबर बोलतोय तो. माझ्याकडे त्याला उत्तर नाहीये. एवढंच की त्याने त्या दुपारी मागे वळलेली मान बघितलेली नाही, आणि पिक्चरमध्ये मागे दार वाजलं तर मान परत वळणारच, कारण दार मागेच वाजायला पाहिजे, त्यासाठीच तर पैसे द्यायचे.

गेल्या पावसाळ्यात एका जुन्या विनोदी पिक्चरला आप्पा माझ्या आधी हसले. मी दचकून बघितलं. पण कूलर बंद होता तेव्हा, आणि पिक्चर त्यांनी आधी कितीदा तरी बघितलेला, तेव्हा सेंटरने काम केलं की पाठांतराने, देव जाणे.

मागच्या आठवड्यात सोफा झाडायला पुढे ओढला होता. आप्पांनी त्या दोन वायरी बोटात धरून बघितल्या, टेप जरा सोलली, आतलं तांबं उजेडात धरलं. "ह्या कसान्या शेतस रे?"

"लाईटन्या शेतस आप्पा," मी म्हटलं.

लाईटच्या वायरी अशा पारदर्शक नसतात. त्यांनी टेप परत गुंडाळली आणि सोफ्याचं दुसरं टोक धरलं.