फ्लिंडर्स आयलेट रेस आणि रात्रभर जागरण

काल शिडाच्या बोटींच्या या शर्यतीत सिडनीहून सुटलो, वोलोंगाँगजवळच्या फ्लिंडर्स आयलेटला वळसा घालून परत, साधारण 90 नॉटिकल मैल. जाताना ईस्ट ऑस्ट्रेलियन करंट हा समुद्रातला प्रवाह दक्षिणेकडे ढकलतो म्हणून जरा खोल पाण्यात राहायचं, येताना तोच अंगावर येतो, मग किनाऱ्याला इतकं चिकटून यायचं की कड्यावर आपटणाऱ्या लाटा ऐकू येतात, अंधारात जाम टरकायला होतं राव! मध्यरात्रीनंतर रेलवर, म्हणजे बोटीच्या कडेवर, पाय बाहेर सोडून सगळे ओळीनं बसलेलो, हार्नेसचा सुरक्षा पट्टा क्लिप केलेला, आणि शेजारचा चक्क घोरत होता 😂 मग जमिनीवरून मतलई वारा सुटला, थंडगार, स्किपर ओरडला शीड बदला, की लागली धावपळ. तो सुटला नसता तर अजून तिथंच डुलत असतो. आता पाठ गेलीय कामातून, सोमवारी सुट्टी टाकावी म्हणतोय.