पाणी कुठून बाहेर पडेल?

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेविषयी काही लिहा, असे समितीचे पत्र आले. शाळेविषयी बाकीचे लिहितीलच. मी भूगोलाच्या सरांविषयी लिहितो, म्हणजे ओघानेच सिल्व्हर्टनविषयी. आमच्या आगेमागे दहावी झालेल्यांना हे नाव नव्याने सांगायला नको.

सरांचे धाकटे बंधू अमेरिकेत खाणकाम शिकायला गेले होते. त्यांनी धाडलेल्या कात्रणांतून हे गाव नकाशांच्या खोलीत आले. कोलोरॅडोच्या सान ह्वान डोंगरांत, २,८४० मीटर उंचीवर. कळसूबाईच्या डोक्यावर आणखी पाऊण कळसूबाई. १८७३ च्या करारात तिथल्या मूळ रहिवासी यूट लोकांच्या हातून तो मुलूख गेला आणि लगोलग गाव वसू लागले. सुरुवातीला चांदीचे धातुक, म्हणजे चांदी असलेला दगड, खेचरांवर लादून खाली न्यावा लागे. भाडेच एवढे, की उत्तम प्रतीचा दगड तेवढाच परवडे आणि बाकीचा खाणीच्या तोंडाशी पडून राही. १८८२ मध्ये ड्युरांगोहून ७२ किलोमीटरची रेल्वे आली, तेव्हा तोच टाकलेला दगड विकला जाऊ लागला. रूळ तीन फुटी, आपल्या माथेरानचे दोन फुटी. रूळ अरुंद असले की गाडी आखूड वळणे घेते, डोंगर कमी फोडावा लागतो. ती गाडी आजही धावते, पण प्रवाशांसाठी.

सरांचे लाकडी मॉडेल आठवते ना? उभा कापलेला डोंगर. धातूची शीर वरून खणत गेले तर प्रत्येक टोपले आणि प्रत्येक थेंब वर ओढावा लागतो. म्हणून पायथ्याकडून आडवा बोगदा शिरेखाली न्यायचा आणि त्याला बाहेरच्या बाजूला किंचित उतार द्यायचा. वरून फोडलेला दगड घसरत खाली डब्यात येतो, भरलेला डबा थोड्या जोरात बाहेर पडतो, पाणीही आपले आपण निघून जाते. हवेसाठी वर उभी विहीर. ती समजावताना सर कात्रजच्या पेशवेकालीन नळाचे उच्छ्वास दाखवत आणि कोणी वहीत नुसते ‘भोक’ लिहिले की चिडत.

माणसांचा हिशेबही ते तितकाच चोख मांडत. कोरड्या ड्रिलने उडणारी गारगोटीची धूळ फुप्फुसात बसते. पोकळ दांडीतून पाणी सोडणारे ड्रिल रुळेपर्यंत कित्येक खाणकामगार खोकतच गेले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत गावातली सुमारे दहा टक्के माणसे दगावली.

पण सरांचा हुकमी धडा एमा तळ्याचा. सिल्व्हर्टनजवळच्या सनीसाइड खाणीतले काम शीर धरत धरत तळ्याच्या बुडाशी पोचले आणि ४ जून १९७८ ला तळे खाणीत कोसळले. चिखल, लाकडे, यंत्रे असे सगळे वाहत खालच्या ‘अमेरिकन टनेल’ बोगद्याच्या तोंडातून बाहेर पडले. चाचणीत आपल्या वर्गातल्या एका हुशार मुलाने लिहिले, ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही.’ सरांनी ‘सुदैवाने’ खोडून समासात लाल शाईने लिहिले, ‘रविवार होता. अर्धा गुण कापला.’ तो अर्धा गुण मागायला त्याचे वडील शाळेत आले होते, सरांनी त्यांनाही मॉडेलपुढे उभे करून विचारले, “पाणी कुठून बाहेर पडेल?”

पुढचे सरांना पाहता आले नाही. १९९१ मध्ये सनीसाइड बंद झाली. खाणीतल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळाले की गंधकाम्ल तयार होते, ते जस्त, कॅडमियम विरघळवते. असे पाणी कायम चुना घालून शुद्ध करत बसण्यापेक्षा १९९६ पासून बोगद्यांत काँक्रीटचे बूच बसवले गेले. डोंगरातली पाण्याची पातळी चढली आणि शेजारच्या जुन्या खाणी पाझरू लागल्या. ५ ऑगस्ट २०१५ ला सरकारी पर्यावरण खात्याचे पथक गोल्ड किंग खाणीचे ढासळलेले तोंड उकरत होते. आत पाणी दाबाखाली तुंबले असेल, हे त्यांनी धरलेच नाही. वरून एक बोअर मारून पातळी मोजायला हवी होती. जवळच्याच एका खाणीत ते आधी केलेही होते. एक कोटी दहा लाख लिटरहून जास्त पाणी सुटले, गावाजवळून वाहणारी ॲनिमास नदी नारिंगी झाली. केंद्राच्या सफाई योजनेचा शिक्का नको, पर्यटक बिचकतील, म्हणून गावकरी वर्षानुवर्षे अडून होते. २०१६ मध्ये मात्र त्यांनीच होकार दिला.

आमच्या कार्यालयात आज भूजल तपासणीला पंचवीस माणसे आहेत आणि प्रत्येक नव्या मुलाला मी आधी डोंगर उभा कापून काढायला लावतो. हे श्रेय सरांचेच. शाळेत मात्र नकाशांची खोली मोडून तिथे पडदा आणि प्रोजेक्टर आल्याचे कळते. प्रोजेक्टरवर बोगद्याचा उतार हाताला लागत नाही, हे माझे मत समितीला आवडणार नाही, तरी छापावे. आणि ते मॉडेल माळ्यावर सापडले, तर खालची सरकती पट्टी सैल झाली म्हणून खिळा ठोकू नका. तोच बोगदा आहे.