पी 0171: कोड लीन, प्लग मात्र काळेकुट्ट

गेल्या महिन्यात ओंकारेश्वरहून परतताना, भेरूघाट चढून आल्यावर इंदूरच्या तेजाजीनगर चौकात थांबलो असता माझ्या 2014 च्या पेट्रोल हॅचबॅकचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला आणि मग तो विझेना. ओढ ठीक होती, आयडलिंगही स्थिर होते. मात्र लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी हल्ली साडेबारावर आली होती. रामबागेतल्या घराजवळच्या गॅरेजमध्ये बॉनेट न उघडताच ‘भिया, सेंसर उड़ गया’ असे निदान मिळाले.

भारतात चारचाकींना एप्रिल 2013 पासून ओबीडी 2 (गाडीने स्वतःचे दोष ओळखून कोडरूपात नोंदवण्याची सोय) सक्तीचे झाल्यामुळे स्टिअरिंगखाली 16 पिनांचे सॉकेट आहेच. त्यात कोड वाचणारा ईएलएम 327 अडॅप्टर लावला, तेव्हा एकच कोड निघाला: पी 0171, म्हणजे मिश्रण लीन, पेट्रोलच्या मानाने हवा जास्त. गरम इंजिनावर, 750 आरपीएमला लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने, म्हणजे इंजिनाच्या संगणकाने, पेट्रोलच्या मात्रेत केलेली टिकाऊ दुरुस्ती) +18 टक्के आणि शॉर्ट टर्म (तात्पुरती) +5 होता. 2500 आरपीएमला दोन्ही मिळून जेमतेम +6. दहाच्या आत असते तर मी लक्षही दिले नसते.

आयडलिंगला जास्त आणि रेस केल्यावर कमी, हे व्हॅक्यूम लीकचे (इंजिनात चोरवाटेने हवा शिरण्याचे) ठरलेले लक्षण समजून पहिला रविवार मी ब्रेक बूस्टरची नळी, पीसीव्ही नळी (क्रँककेसमधली वाफ परत इंजिनात नेणारी) आणि थ्रॉटल बॉडीचे गॅस्केट यांवर कार्ब क्लीनर फवारण्यात घालवला. गळती असती तर आरपीएम बदलला असता; तो तसूभरही हलला नाही.

चूक रात्री लक्षात आली. माझ्या गाडीत हवा मोजणारा एमएएफ सेन्सर नाहीच. इनटेक मॅनिफोल्डमधील (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांमधील) दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे. अशा गाडीत चोरवाटेने शिरलेली हवादेखील दाब वाढवते, ईसीयू ती हिशेबात धरून पेट्रोल देतो आणि बहुधा आयडलिंग चढते, मिश्रण सहसा लीन होत नाही. मॅप सेन्सरवर विश्वास ठेवावा की नाही, हे पाहण्यासाठी इंजिन बंद ठेवून फक्त चावी फिरवली: 95 किलोपास्कल. समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवरच्या इंदूरला हवेचा दाब एवढाच असायला हवा.

मग प्लग काढले. चारही प्लगच्या टोकाशी कोरडी काजळी इतकी होती, की बोटे काळी झाली. लीन चालणाऱ्या इंजिनाचे प्लग पांढरट पडतात; म्हणजे इंजिनात पेट्रोल प्रत्यक्षात जास्तच जळत होते.

मिश्रण ओळखण्यासाठी ईसीयू ज्यावर विसंबतो तो एक्झॉस्टमधला लॅम्डा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टला फट असेल, तर आयडलिंगला दोन स्पंदांच्या मधे दाब उतरतो आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. ईसीयू तिला लीन मिश्रण समजून पेट्रोल वाढवत राहतो. रेस केल्यावर धुराचा प्रवाह मोठा होतो आणि त्यात या हवेचे प्रमाण नगण्य ठरते. कोड, प्लग आणि मायलेज या तिन्हींचा मेळ येथे बसला. सकाळी गार इंजिन सुरू करताना अर्धा मिनिट येणारी टकटक मी टॅपेटची समजत होतो, तिचाही उलगडा झाला: फटीतून निसटणाऱ्या धुराचाच तो आवाज होता.

दुसऱ्या रविवारी इंजिन पूर्ण गार असताना व्हॅक्यूम क्लीनरची फुंकणारी बाजू चिंध्या गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला लावली आणि हीट शील्ड काढून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर साबणाचे पाणी फवारले. चौथ्या सिलिंडरच्या खालच्या बाजूला बुडबुड्यांची रांग उठली. तेथला नट गायब होता आणि गॅस्केटमधून काजळीचा बोटभर ओघळ आलेला होता.

गॅस्केट आणि स्टड छोटी ग्वालटोलीत मिळाले. जुना स्टड रात्रभर गंज सोडवणाऱ्या तेलात भिजवूनही निघताना त्याने घाम काढला. नवे नट मधून बाहेर, दोन फेऱ्यांत आवळले. कोड मुद्दाम पुसला नाही. लागोपाठ तीन ड्रायव्हिंग सायकलमध्ये (गाडी सुरू करून, चालवून बंद करण्याच्या फेऱ्यांत) दोष आढळला नाही, तर दिवा आपोआप विझतो. तो चौथ्या सकाळी विझला आणि आयडलिंगचा लाँग टर्म ट्रिम +3 वर आला. साफ करून परत बसवलेले प्लग 300 किलोमीटरनंतर काढून पाहिले, तेव्हा चौथ्याचे टोक फिकट तपकिरी झाले होते.