गाठोड्यातलं ढेकूळ

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा ग्रुपवर मेसेज आला आणि मला पहिली आठवली ती सरांची शनिवारची वही. सरांचं नाव लिहायची गरजच नाही, आठवीत त्यांच्या वर्गात असलेले सगळे ओळखतील.

शनिवारी सकाळची शाळा, शेवटचा तास सरांचा. कोणी बघत नसताना या आठवड्यात आपण काय केलं ते लिहायचं, बस. मार्क नाहीत, लाल पेन नाही, आणि सगळ्यात आधी सर स्वतःची वही वाचायचे. एकदा त्यांनी वाचलं की मंगळवारी गणित चुकलं म्हणून एका मुलाला छडी मारली, पण फळ्यावर आकडा मीच चुकीचा लिहिला होता. तो मुलगा माझ्या पुढच्या बाकावर, त्याचे लाल झालेले कान मला अजून दिसतात. सर त्याच्याजवळ गेले, चूक माझी होती म्हणाले, मग आमच्याकडे वळून म्हणाले, हं, आता तुम्ही लिहा.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये शिकवायचे, छात्रालयातल्या मुलांसाठी हाताने दैनिक लिहायचे, हे सरांनीच सांगितलेलं. वहीची कल्पना त्यांना तिथूनच सुचली असावी असं मला वाटतं.

दिवाळीच्या सुट्टीत मी आईसोबत कापूस वेचायला जायची. मजुरी किलोवर. एकदा मी गाठोड्याच्या तळाशी काळ्या मातीची दोन ढेकळं दाबली, सोबतची म्हणे, टाक वं, सगळ्याच करता. वहीत मी ते लिहिलं, आणि खाली लगेच हेही लिहिलं की मालक पण काटा मारतो. सर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "गाठोडं काट्यावर चढलं तेव्हा तू कुठे बघत होतीस?" मी खूप वेळ आठवत बसले. काट्याकडे नव्हते बघत, मालकाकडेही नाही, विहिरीवरच्या निंबाकडे बघत होते. तेवढंच लिहिलं. मालकाचं वाक्य मग मीच खोडलं, त्यांनी सांगितलं नव्हतं.

पुढे मी नर्सिंगला गेले. नाइट ड्युटीला पहाटे चार वाजता टीपीआर घ्यायचा, म्हणजे ताप, नाडी, श्वास. श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा असतो, आणि पेशंटला कळलं की त्याचा श्वास बदलतो म्हणून नाडीवरचा हात तसाच ठेवून छातीकडे बघत मोजायचा. तीस पेशंट, डोळ्यात झोप, त्यामुळे सगळ्यांच्या चार्टवर श्वास २०. मीही एका आजोबांच्या चार्टवर न मोजता २० लिहिलं आणि सकाळी सिस्टरने मोजला तर ३४. आजोबा वाचले, वेळेत ऑक्सिजन लागला, पण त्या रात्री मी त्यांच्या छातीकडे बघितलंच नव्हतं, खिडकीकडे बघत पेन चालवलं होतं. सरांचा प्रश्न तिथे वॉर्डात उभ्या उभ्या आठवला आणि मला रडू आलं.

आज मी धुळ्याला नर्सिंगच्या मुलींना शिकवते. आमच्याकडे आपल्याच अनुभवाकडे वळून बघायला गिब्ज यांचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र शिकवतात, काय घडलं, काय वाटलं, काय बरं काय वाईट, का घडलं, काय शिकलो, पुढे काय करणार. चांगलं आहे ते, मी मनापासून शिकवते. पण त्याला मार्क लावले की मुली सहाच्या सहा रकाने सुंदर भरतात आणि खरं काहीच लिहीत नाहीत, सगळ्यांची चूक एकच, "मी पेशंटशी अजून जास्त बोलायला हवं होतं". नियमाची यादी पाठ होते हो, पण पहाटे चारला कोणी बघत नसताना यादी कामाला येत नाही, तिथे स्वतःकडे बघायची सवय लागते, आणि ती सवय शिकवणाऱ्याने आधी स्वतःची वही उघडल्याशिवाय लागत नाही. म्हणून माझ्या शनिवारच्या वहीला मार्क नाहीत, आणि पहिली मी वाचते. मागच्या शनिवारी वाचलं की ड्युटी लिस्ट मी चुकवली आणि बोलणी एका मुलीला खाऊ घातली. ती समोरच बसली होती. मला जड गेलं, दरवेळी जातं.

कार्यक्रमाला सर येणार आहेत असं कळलंय. आठवीची वही आईने पत्र्याच्या पेटीत ठेवलीय, कडा वाळवीने खाल्ल्या पण कापसाचं पान शाबूत आहे, ती घेऊन येतेय.