खोटा पोल

साखर कारखान्याच्या लॅबमध्ये एकोणीस वर्षं काढलीत. रसाचा ब्रिक्स (रसात विरघळलेलं सगळं मिळून किती), पोल (प्रकाश किती वळतो त्यावरून काढलेली साखर), शुद्धता, पुन्हा ब्रिक्स. या नोकरीत मी पहिल्या हंगामातच शिकलो की शिळ्या उसाच्या पोलवर विश्वास ठेवायचा नाही. तोडलेला ऊस चार दिवस फडात पडून राहिला की त्यात जिवाणू डेक्स्ट्रन नावाचा चिकट पदार्थ तयार करतात. डेक्स्ट्रन प्रकाशाला साखरेच्या जवळजवळ तिप्पट वळवतं आणि हे वळण मोजणारा पोलारीमीटर बिचारा त्यालाही साखरच समजतो. कागदावर साखर दिसते, पोत्यात उतरत नाही. हे मी दर वर्षी नव्या पोरांना घसा कोरडा करून सांगतो.

आणि माझ्याच रक्ताचा रिपोर्ट हातात आला तेव्हा त्यातला आकडा मी ब्रह्मवाक्य मानला.

आधीपासून सांगतो. लग्नाला सहा वर्षं झाली तरी पाळणा हलेना. दोन वर्षं तपासण्या झाल्या त्या फक्त बायकोच्या. मग कुणाला तरी माझी आठवण झाली. एका सकाळी नमुना दिला, दुपारी निकाल: शुक्राणू शून्य. पुढं पुण्याला गुणसूत्रांची तपासणी झाली. ४७, एक्सएक्सवाय, म्हणजे ४६ च्या जागी ४७, एक एक्स जास्तीचं. क्लाइनफेल्टर सिंड्रोम. १९४२ साली हॅरी क्लाइनफेल्टर नावाच्या अमेरिकन डॉक्टरानं पहिल्यांदा लिहून ठेवलेला आजार. साधारण सहाशे पुरुषांत एकाला असतो आणि त्यातल्या कित्येकांना मरेपर्यंत पत्ता लागत नाही. उंच अंगकाठी, विरळ दाढी, कॉलेजात मित्रांनी केलेली चेष्टा, सगळ्याचा उलगडा छत्तिसाव्या वर्षी एका कागदावर झाला. त्या दिवशी स्वारगेटवरून एसटीत बसलो ते कराड येईपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

तेव्हापासून टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, सुरू आहे. दर बारा आठवड्यांनी चार मिलिलिटरचं इंजेक्शन, कमरेत, अगदी सावकाश. औषध एरंडेल तेलात विरघळवलेलं असतं. लहानपणी आजी एरंडेल घेऊन मागं लागायची तेव्हा मी परड्यात लपायचो. आता पैसे मोजून टोचून घेतो. टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, कारण तेलाचे कण फुप्फुसात गेले तर खोकल्याची उबळ येते, दम लागतो. गावात कुणाला माहीत नाही. लॅबमधल्यांना मी "मणक्याचं इंजेक्शन" असं सांगून ठेवलंय.

गुण आला. रात्रपाळी झेपायला लागली, दाढी रोज करावी लागायला लागली. त्यासोबत कपाळावरचे केस मागं सरकले. तेही याच संप्रेरकाचं काम. दाढी चाळिशीत आली आणि केस चाळिशीतच निघाले, हा हिशेब मला काही पटेना. मग बाजारात मिळणारी केसांची गोळी आणली, बायोटिन नावाच्या जीवनसत्त्वाची, १०,००० मायक्रोग्रॅमची. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतात, म्हणजे एका गोळीत जवळजवळ वर्षभराची बेगमी. रात्रपाळी करून आलो की सकाळी चहाबरोबर एक.

गेल्या श्रावणात नेहमीच्या तपासणीला गेलो. थोडी मरगळ होती, विशेष काही नाही. रिपोर्ट आला तो भलताच. इंजेक्शनची मुदत संपत आलेली, म्हणजे पातळी तळाला असायला हवी, तर टेस्टोस्टेरॉन ११८०. वरची मर्यादा हजाराच्या आसपास असते. इस्ट्राडिओल, म्हणजे बायकी संप्रेरक, ७८, पुरुषात चाळिसाच्या आत असावं. थायरॉइडचं टीएसएच ०.०८, म्हणजे जवळजवळ नाहीच; थायरॉइड जादा काम करायला लागला की हा आकडा असा पडतो. डॉक्टर म्हणाले, "औषध जास्त होतंय, जादाचं बायकी संप्रेरकात बदलतंय." हिशेब बिनचूक होता. इंजेक्शन बाराऐवजी सोळा आठवड्यांवर गेलं आणि इस्ट्राडिओल पाडायला अ‍ॅनास्ट्रोझोल आलं. ते मुळात स्तनाच्या कर्करोगाचं औषध. मेडिकलवाल्यानं चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली करून विचारलं, "वहिनींना काय झालं का हो?" मी मान हलवली. म्हणजे नक्की कशी हलवली, ते आता आठवत नाही.

दिवाळीपर्यंत माझं चिपाड झालं. गुडघे, बोटांचे सांधे असे दुखायचे की ब्युरेटची तोटी फिरवताना तोंडातून आवाज यायचा. गाळप सुरू करतानाच्या मोळी पूजनाला सगळे उभे होते, मी गव्हाणीच्या कठड्याला टेकून बसलो. झोपून उठलो तरी थकलेला. रात्री दोनच्या नमुन्याला जाताना जिन्यात मध्येच थांबायचो. कोरडं, विझल्यासारखं वाटायचं. कशाचीच इच्छा नाही. ही एकदा म्हणाली, "अहो, इंजेक्शन सुरू व्हायच्या आधी असेच होतात तुम्ही." तिला मी रिपोर्ट दाखवला. दुसऱ्यांदा काढलेला, त्यातही टेस्टोस्टेरॉन वरच. "कमी असतं तर यात दिसलं नसतं का?" असं मीच तिला वर तोंड करून ऐकवलं.

शेवटी पुण्याच्या जुन्या डॉक्टरांकडे गेलो. बाईंनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले, माझे हात दाबून पाहिले, गळा पाहिला. "थायरॉइड एवढा वाढलेला माणूस असा दिसत नाही. नाडी ६२ आहे तुमची." मग विचारलं, "आणखी काय घेता?"

"काही नाही."

"केसांसाठी, नखांसाठी काही?"

बायको म्हणाली, "ती लाल डबी."

बाईंनी सांगितलं ते मी एसटीच्या भाषेत सांगतो. हार्मोन मोजणाऱ्या बऱ्याच यंत्रांत बायोटिनचाच डिंक वापरतात. तपासणीची रसायनं बायोटिनच्या शेपटीनं ठरलेल्या जागांवर जाऊन चिकटतात. ती जागा म्हणजे गाडीतली सीट. रक्तात आधीच भरमसाट बायोटिन असेल तर ते खिडकीतून रुमाल टाकून सगळ्या सीटा धरतं. खरे प्रवासी खालीच राहतात. टीएसएचच्या तपासणीत बसलेली डोकी मोजतात, म्हणून आकडा खोटाच कमी येतो. टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओलची पद्धत उलटी, तिथं बसलेली डोकी जेवढी कमी तेवढं हार्मोन जास्त असं धरतात, म्हणून आकडा खोटाच वर जातो. सगळ्याच यंत्रांत असं होत नाही. पण अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रण संस्थेनं २०१७ च्या नोव्हेंबरात याबद्दल जाहीर इशारा दिला होता. हृदयविकाराची ट्रोपोनिन तपासणी खोटी कमी येऊन एक रुग्ण दगावल्याची नोंद त्यात आहे.

मी ऐकत होतो आणि डोळ्यांसमोर पोलारीमीटर होता. शिळा ऊस! यंत्र चुकलं नव्हतं. त्याला जे दिसलं ते त्यानं सांगितलं.

आठ दिवस गोळी बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं. टेस्टोस्टेरॉन २१०, इस्ट्राडिओल दहाच्याही खाली, टीएसएच २.१. म्हणजे थायरॉइड ठणठणीत होता, आणि बाकी दोन्ही आम्ही औषधांनी तळाला नेऊन ठेवली होती. पुरुषाच्या सांध्यांना, हाडांना थोडं इस्ट्राडिओल लागतंच. मी ते दोन महिने पुसून काढत होतो. अ‍ॅनास्ट्रोझोल त्याच दिवशी बंद, इंजेक्शन परत बारा आठवड्यांवर.

पहिल्या डॉक्टरांचा राग आला का? आला. त्यांनीही विचारलं होतं खरं, "दुसरं औषध चालू आहे का?" मी नाही म्हणालो होतो. केसांची गोळी हे काय औषध आहे, असं वाटलं, आणि खरं सांगायचं तर लाज वाटली. गुणसूत्र सांगायची लाज कधीच संपली होती, टकलाची शिल्लक होती.

सांधे महिन्याभरात सुटले. जिना एका दमात चढतो. पण सकाळची मरगळ थोडी आहेच, ती श्रावणातही होती. जुन्या रिपोर्टात एक आकडा असा होता की ज्याला बायोटिन हात लावू शकत नाही: हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचा टक्का, ५१. टेस्टोस्टेरॉननं रक्त दाट होतं, ५४ च्या वर गेलं तर औषध थांबवतात. बाईंनी त्यावर बोट ठेवून हिला विचारलं, "घोरतात का?" ही इतकी हसली की उत्तराची गरज राहिली नाही. झोपेत श्वास अडकत असेल तर थकवाही येतो आणि रक्तही दाट होतं म्हणे. झोपेच्या तपासणीला एक रात्र तिथं मुक्काम करावा लागेल. गाळप मार्चअखेर संपेल, मग जाऊ. तोवर ही मला कुशीवर वळवते, रात्रीतून तीन-चारदा, कोपरानं.