ख्रिस्ती धर्म कुठे रुजला, कुठे नाही: नागपुरातून पाहताना

जगातील सुमारे 230 कोटी लोक आज स्वतःला ख्रिस्ती म्हणवतात. एवढा विस्तार कसा झाला, हा विषय आमच्याकडे निघाला की दोन उत्तरे तयारच असतात. गोऱ्यांचे राज्य होते, हाती तलवार होती, हे पहिले. आणि शाळा-दवाखाने काढून गरिबांना ओढून घेतले, हे दुसरे. दोन्हींत तथ्य आहे, आणि ते नाकारण्याचा माझा हेतू नाही. परंतु ज्या शहरात बसून आपण ही उत्तरे देतो, त्याच शहराचा इतिहास त्यांच्याशी जुळत नाही.

फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. पुढल्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. 1854 मध्ये राज्य खालसा झाले आणि त्यानंतर जवळजवळ एक शतक इंग्रजांचा अंमल राहिला. मिशनला हवे ते सारे या काळात येथे जमले होते: सदर आणि सिव्हिल लाइन्सच्या बाजूची देवळे (जुन्या मराठी ख्रिस्ती लेखनात चर्चला देऊळच म्हणत), कामठीची छावणी, 1883 मध्ये हिस्लॉप यांच्या नावाने निघालेले महाविद्यालय, सीताबर्डीतले म्यूर मेमोरियल रुग्णालय. ज्या टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो तिचे सेमिनरी हिल्स हे नावही धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेवरूनच पडले. स्वतः हिस्लॉप साधे प्रचारक नव्हते. नागपूरच्या खडकांतील जीवाश्म त्यांनी गोळा केले, गोंडांच्या कथा टिपून ठेवल्या, आणि 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. विद्वत्ता, चिकाटी आणि राज्याचे पाठबळ असूनही नागपूर ख्रिस्ती झाले नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ख्रिस्ती लोकांचे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे. संपूर्ण भारतात ते 2.3 टक्के आहे.

त्याच जनगणनेत नागालँड आणि मिझोराममध्ये हे प्रमाण 87 टक्क्यांच्या पुढे जाते. राज्य तर तेथेही इंग्रजांचेच होते. त्यातून नागा टेकड्यांत काम करणारे बाप्टिस्ट मिशनरी अमेरिकन होते, म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशाचेही नव्हते. आओ नागांमध्ये सर्वांआधी पोहोचला तो गोधुला नावाचा आसामी ख्रिस्ती. पुढे 1950 च्या दशकात परदेशी मिशनरी तेथून गेले, आणि तोवर त्या प्रदेशात ख्रिस्ती लोक निम्म्याहून कमी होते. उरलेली वाढ स्वतंत्र भारतात झाली, नागा पाळकांच्या हातून झाली. बाहेरच्याने आणलेला धर्म घरच्या माणसांनी स्वतःचा म्हणून हाती घेतला की तो पसरतो. तसे झाले नाही, तर राजाश्रयही फार काळ पुरत नाही. जगाच्या इतिहासाकडे याच दृष्टीने पाहिले तर बऱ्याच गोष्टी उलगडतात, असे मला वाटते.

पहिल्या तीन शतकांचेच पाहा. तेव्हा ख्रिस्ती लोकांच्या हाती सत्ता नव्हती, उलट अधूनमधून छळच वाट्याला येत होता. रोमन साम्राज्याचे रस्ते, सर्वत्र समजणारी ग्रीक भाषा आणि गावोगावी विखुरलेली यहुदी सभास्थाने या गोष्टी त्यांच्या पथ्यावर पडल्या, हे खरेच. पण माझ्या मते निर्णायक ठरला तो इसवी सन 49 च्या सुमारास जेरुसलेममध्ये झालेला निर्णय. ख्रिस्ती होण्यासाठी आधी यहुदी होण्याची, म्हणजे सुंता करून घेण्याची, आवश्यकता नाही असे तेथे ठरले. तसे ठरले नसते तर हा यहुदी धर्मातील एक पंथ म्हणूनच राहिला असता.

तो पसरवणारी माणसे कोण होती, याची एक यादीच बायबलच्या नव्या करारात आहे. रोमच्या मंडळीला, म्हणजे तेथील ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात आरंभीचा प्रेषित पौल वीसपंचवीस जणांना नावे घेऊन सलाम सांगतो. पत्र बरोबर नेणारी फीबी. घरात मंडळी जमवणारे प्रिस्का आणि अक्विला हे नवरा-बायको. यूनिया, मरीया, पर्सिस. त्यांत बायका पुष्कळ आहेत आणि काही नावे गुलामांची असावीत तशी आहेत. घराघरांतून जमणारी, एकमेकांना जेवू घालणारी, प्रवासात एकमेकांकडे उतरणारी ही मंडळी होती. तिसऱ्या शतकात साथ पसरली तेव्हा अनेक ठिकाणी त्यांनी आजाऱ्यांची शुश्रूषा केली. चौथ्या शतकात जुना धर्म पुन्हा उभा करू पाहणाऱ्या ज्युलियन बादशहाने एका पत्रात चिडून लिहिले आहे की, हे लोक त्यांच्या गरिबांना तर पोसतातच, पण आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही साक्ष मला कोणत्याही प्रचारकाच्या दाव्यापेक्षा अधिक वजनाची वाटते.

313 मध्ये कॉन्स्टंटाइनच्या काळात धर्माला मोकळीक मिळाली आणि 380 मध्ये थिओडोसियसने त्याला साम्राज्याचा धर्म केले. येथून तलवारीचे प्रकरण सुरू होते आणि ते गाळून चालणार नाही. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने सॅक्सन लोकांवर बाप्तिस्मा लादला. 782 मध्ये एका दिवसात साडेचार हजार सॅक्सनांचा शिरच्छेद केल्याची नोंद फ्रँकांच्याच बखरींत आहे. अमेरिका खंडात स्पॅनिश फौजा आणि त्यांच्याबरोबर गेलेले देवीसारखे रोग यांनी जुने समाज मोडून टाकले आणि त्या पडझडीवर चर्च उभे राहिले. गोव्यात 1560 पासून पोर्तुगीजांचे धर्मन्यायालय (इन्क्विझिशन) होते. अर्थात दक्षिण अमेरिका आज ख्रिस्ती आहे त्यामागे बळजोरी नव्हती असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

मात्र सत्तेच्या आधाराने आलेले सारेच टिकले असेही नाही. चीनमध्ये पूर्वेकडील सिरियन परंपरेचे ख्रिस्ती भिक्षू 635 मध्ये पोहोचले, तांग सम्राटाने त्यांना आश्रय दिला, 781 मध्ये शिआनजवळ त्यांनी मोठा शिलालेखही उभारला. 845 मध्ये परदेशी धर्मांविरुद्ध फर्मान निघाले आणि काही पिढ्यांत ही मंडळी जवळजवळ नाहीशी झाली.

आफ्रिकेचे उदाहरण याच्या नेमके उलट आहे आणि आपल्याकडे त्याची चर्चा फारशी होत नाही. 1900 मध्ये त्या खंडात दहांत एक माणूसही ख्रिस्ती नव्हता. आज तेथे 60 कोटींहून अधिक ख्रिस्ती आहेत, आणि वाढीचा मोठा भाग युरोपीय सत्ता निघून गेल्यानंतरचा आहे. गुलामांच्या जहाजावरून सुटका झालेला सॅम्युएल अजाई क्राउदर हा योरुबा मुलगा 1864 मध्ये बिशप झाला आणि योरुबा भाषेतील बायबलाच्या कामात त्याचा मोठा वाटा होता. काँगोतील सिमोन किम्बांगू याने 1921 मध्ये जेमतेम काही महिने उपदेश केला. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या बेल्जियन सरकारने त्याला तुरुंगात टाकले, आणि तीस वर्षांनी तो तुरुंगातच वारला. त्याच्या नावाची मंडळी मात्र लाखोंची झाली. राज्यकर्त्यांमुळे धर्म पसरला म्हणावे, तर येथे राज्यकर्ते तो दाबत होते. कोरियातही जुलमी सत्ता जपानची, म्हणजे ख्रिस्ती नसलेली होती. 1919 च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावरील 33 सह्यांपैकी 16 ख्रिस्ती लोकांच्या होत्या. तेथे ख्रिस्ती असणे आणि देशभक्त असणे यांत विरोध दिसत नव्हता. आपल्याकडे तो दिसला, आणि फरक बराचसा तेथेच पडला.

मग मराठी मुलखात घरच्या माणसांनी हा धर्म हाती घेतला नाही काय? घेतला, आणि ताकदीने घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1890 च्या दशकाच्या आरंभी नागपुरात बुटी या धनिक घराण्याच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. 1895 मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्तावर अभंग रचले, कीर्तने केली. येथील एका मराठी उपासनेला मी मित्राबरोबर गेलो होतो. पेटीवर सूर धरला गेला, पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायांनी पुस्तक न उघडताच पद उचलले, आणि डोळे मिटले असते तर भजनी मंडळ कुठले, हे पहिल्या दोन ओळींत मला सांगता आले नसते.

अडचण माझ्या मते येथेच होती. देवाशी आपल्या बोलीत बोलण्याची सोय ज्ञानेश्वर-तुकारामांनी या मुलखात आधीच करून ठेवली होती. जिथे तशी सोय नव्हती तेथे मातृभाषेतील शुभवर्तमानाने, म्हणजे ख्रिस्ताच्या संदेशाने, जे नवल घडवले, ते येथे घडणे कठीण होते. त्यात बाप्तिस्मा घेणाऱ्याला घर, जात, विहीर, सोयरीक सारेच सोडावे लागे. वरच्या जातीतला एखादा टिळक ते करू शके, गाव करू शकत नसे.

आणि ज्यांना जात सोडायचीच होती त्यांनी काय केले, हे तर नागपूरला कोणी सांगायला नको. 1935 मध्ये येवल्यात डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केल्यावर ख्रिस्ती मिशनांनाही आशा वाटू लागली होती. बाबासाहेबांनी त्या धर्माचा विचार केला, अभ्यास केला, आणि अस्पृश्यांतून ख्रिस्ती झालेल्यांना चर्चमध्येही जात सुटत नाही, यावर नेमके बोट ठेवले. एकवीस वर्षांनी, 14 ऑक्टोबर 1956 रोजी, त्यांनी लाखो अनुयायांसह येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. परदेशी पैसा, शाळा, दवाखाना यांपैकी त्या निर्णयामागे काहीच नव्हते. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात बौद्ध 65 लाखांवर आहेत आणि ख्रिस्ती सुमारे 11 लाख, तेही बरेचसे वसई-मुंबईच्या बाजूचे, पोर्तुगीज काळापासूनचे.