सातबाऱ्यावर न आलेली पाळी

जमीन घेणारा माणूस रस्त्याबद्दल दहा प्रश्न विचारतो. पाण्याबद्दल एकच: "विहीर आहे ना?" विहीर असतेच. ती कोणाच्या गट नंबरात आहे, हे विचारणारा अशील मला फार क्वचित भेटला.

मी तालुक्याच्या गावी वकील आहे, सर्च रिपोर्ट करतो, म्हणजे जमीन घेण्याआधी तिचे कागद तपासून अभिप्राय देतो. तीस वर्षांच्या सूची 2, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, चाळायच्या, फेरफार मागे मागे नेत जायचे, बोजा, वारस, कूळ बघायचं, पेपरात जाहीर नोटीस द्यायची. हे प्रकरण त्या बाबतीत स्वच्छ होतं. साडेतीन एकर, उभा ऊस, भाव बागायतीचा, मालक एकटा. घेणारे नोकरीतून निवृत्त झालेले गृहस्थ. एजंट तर साठेखताचा मसुदाच घेऊन आला होता आणि त्यात नेहमीचं पालुपद होतं: 'जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेपांसह'. हे आम्ही वकील पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचं उतरवत आलो आहोत. वाचत कोणी नाही.

त्यातलं 'जल' कुठलं, एवढंच मी शोधायला गेलो. सातबाऱ्याच्या नमुना बाराला, म्हणजे पिकांच्या भागात, जलसिंचनाचं साधन म्हणून 'विहीर' लागलेली, पण नमुना सातच्या, म्हणजे हक्कांच्या भागातल्या, इतर अधिकारात विहिरीचा शब्द नाही. आता ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच मोबाईलवरून नोंद करतो. त्यातून ऊस विहिरीवर भिजतो एवढं कळतं. विहीर कोणाची, ते नाही.

जागेवर गेल्यावर उलगडा झाला. विहीर बांधापलीकडे, शेजाऱ्याच्या गटात. तिच्यावर मोटारी दोन. विकणारा म्हणाला, "चार दिवस त्यांचे, चार दिवस माझे. वडिलांपासून पाळी आहे. आमचा आठ आणे हिस्सा." कागद? "खणताना आमच्या वडिलांनी अंगमेहनत केलीय."

इथे बाहेरच्यांना न दिसणारी गंमत आहे. मोटार तीच, पाइप तोच, पण कायद्यात त्याचे तीन अर्थ निघतात. विहिरीत खरोखर हिस्सा असेल तर ती मिळकत आहे, ती वेगळी लिहून विकली पाहिजे. सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीवरचा वापराचा हक्क) असेल, म्हणजे 1882 च्या सुविधाधिकार कायद्याच्या कलम 15 प्रमाणे 20 वर्षं हक्काने, बिनखंड वापर असेल, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 8 ने तो जमिनीबरोबर आपोआप जातो. आणि नुसती परवानगी असेल तर ती त्या माणसापुरती. खरेदीदाराच्या हाती काहीच येत नाही. परवानगीने घेतलेलं पाणी कितीही वर्षं घेतलं तरी त्याचा हक्क होत नाही.

मग मी विकणाऱ्याला घरातली ट्रंक उघडायला लावली. मला वीजजोडणीची फाइल हवी होती. विहीर दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर असताना याच्या नावाने कृषिपंपाचं मीटर कसं बसलं? संमतीशिवाय बसत नाही. आणि निघालं! जुन्या स्टॅम्पपेपरवर शेजाऱ्याची सही: सदर विहिरीवर मोटार बसविण्यास माझी हरकत नाही. विकणारा खूश. मी नव्हतो. हिस्सेदाराला हरकत-नाहीची गरजच काय, असं उद्या समोरचा वकील विचारणार. आणि सातबारा त्याच्या नावावर असल्याने वीज मंडळाने मागितली म्हणून दिली, असं मी सांगणार. एकच कागद दोघांच्याही कामाचा.

शेजारी ऐंशीच्या घरातले. मान्यता देणारे पक्षकार म्हणून खरेदीखतावर सही कराल का, असं विचारलं. "वकीलसाहेब, माझ्या बापानं ह्याच्या बापाला पाणी दिलं, मी ह्याला देतो. तुमच्या माणसालाबी देईन. सही करणार नाही. पाणी माणसाला दिलंय, जमिनीला नाही." त्यांचा मुलगा मागून बोलला, "सही पायजे तर आकडा सांगा."

म्हाताऱ्यांचं म्हणणं वेडगळ नव्हतं. पुरंदरच्या नायगावात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने हेच ठरवून घेतलं होतं: पाणी माणशी, आणि जमीन विकली तर पाणी योजनेकडे परत. फरक इतकाच की तिथे ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं होतं. इथे ठरवणारा एकटा, आणि त्यात त्याचा फायदाही होता. म्हणून त्यांच्या वाक्यावर किती विश्वास ठेवायचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

अभिप्रायात मी लिहिलं: पाण्याचा हक्क सिद्ध नाही, जिरायतीच्या भावाने घेणार असाल तर घ्या. शेवटी मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 चं कलम 5 ही टाकलं. शेतीच्या विहिरीचं पाणी कायद्याची वाट सोडून कोणी तोडलं, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दावा करून वापर परत मिळवता येतो. अशिलाने विचारलं, "म्हणजे पाणी मिळेल?" म्हटलं, "भांडून पाळी मिळेल, हिस्सा ठरणार नाही." ते म्हणाले, या वयात भांडण विकत घेत नाही. एजंट आठवडाभर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता.

जमीन वर्षाच्या आत दुसऱ्याने घेतली, पूर्ण बागायतीच्या भावाने. सूची 2 वर आकडा बघून मला अस्वस्थ वाटलं, खोटं कशाला सांगू? पाळी तर चालूच होती. मी एका माणसाची चांगली जमीन घालवली, असं वाटायला लागलं.

या उन्हाळ्यात तोच एजंट, जणू काही झालंच नाही अशा चेहऱ्याने, त्या नव्या मालकाला माझ्याकडे घेऊन आला. म्हातारे गेले. मुलाने नव्या मालकाची मोटार काढून बांधावर ठेवली. मी वकीलपत्र घेतलं नाही. याच पाण्यावर माझी सही असलेला उलटा अभिप्राय कोणाच्या तरी कपाटात आहे. मोटार काढल्याची तारीख लिहून घ्यायला लावली, सहा महिने कधी संपतात ते दाखवलं आणि एका धडधाकट वकिलाचं नाव दिलं. खरेदीखत वाचलं. 'जल, तरू, तृण' तसंच होतं, विहिरीबद्दल वेगळी ओळ नाही. वीजबिल मागितलं. ते अजून विकणाऱ्याच्याच नावावर येतं, हे त्यांना माझ्या टेबलावर कळलं.